शॉर्ट की जोसेफसन? १९६३ मधल्या एका उभ्या रेषेची केस

टनेल जंक्शन (धातूच्या दोन पट्ट्या आणि मधे ऑक्साइडचा अगदी पातळ थर) बनवून मोजत बसणाऱ्या माणसाला स्क्रीनवर एक गोष्ट बघायला अजिबात आवडत नाही, ती म्हणजे बरोब्बर शून्य व्होल्टेजवर सरळ वर चढलेली उभी रेष. करंट जातोय आणि व्होल्टेज काहीच नाही. त्याचा साधा अर्थ असा की दोन पट्ट्यांच्या मधला ऑक्साइडचा थर कुठेतरी फाटलाय, वरचा धातू खालच्या धातूला जाऊन टेकलाय, आणि दोन्ही सुपरकंडक्टर, म्हणजे खूप थंड केल्यावर रेझिस्टन्स शून्य होणारे धातू, असल्यामुळे सगळा करंट त्या भोकातून विनारोध पळतोय. म्हणजे शॉर्ट. सॅम्पल बाद, पुढचं घ्या. १९६० नंतरची दोन-तीन वर्षं चांगल्या चांगल्या लॅबमध्ये हेच चाललेलं, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही कारण शॉर्ट खरंच व्हायचे, सारखे व्हायचे, इतक्या पातळ थरात ते होणारच.

ही केस अशा एका रेषेची आहे जी शॉर्ट नव्हती, ब्रायन जोसेफसन याने आधी गणितातून सांगितलेला करंट होती. १९६३ च्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मरे हिल इथे बेल लॅब्समध्ये फिलिप अँडरसन आणि जॉन रोवेल या दोघांनी ती पाहिली आणि शॉर्ट म्हणून सोडून दिली नाही. मला या केसचं अप्रूप वाटतं ते थिअरीसाठी आहेच पण त्याहून जास्त एका प्रश्नासाठी, की दिसायला हुबेहूब सारख्या असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या, आणि त्याचं उत्तर इतकं सरळ निघालं की पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी वही बंद करून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आधी सामान काय होतं ते बघू. काचेची पट्टी घ्यायची, व्हॅक्यूममध्ये धातू तापवून त्याची वाफ करायची आणि त्या वाफेची एक अरुंद पट्टी काचेवर बसवायची. मग थोडी हवा लागू द्यायची, धातूवर आपोआप ऑक्साइडची साय धरते, जाडी साधारण एक-दोन नॅनोमीटर म्हणजे मोजून काही अणूंचे थर. त्यावर आडवी दुसरी पट्टी. जिथे दोन्ही एकमेकींना छेदतात तो चौकोन म्हणजे जंक्शन. प्रत्येक पट्टीला दोन वायरी, एकीतून करंट द्यायचा आणि दुसरीवर व्होल्टेज मोजायचं, आणि सगळं लिक्विड हेलियममध्ये बुडवायचं. आयव्हर येव्हर यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या लॅबमध्ये १९६० मध्ये याच पद्धतीने ॲल्युमिनियम आणि शिसं वापरून सुपरकंडक्टरमधली ऊर्जेची गॅप (इलेक्ट्रॉनची जोडी फोडायला लागणारी किमान ऊर्जा) अगदी साध्या मीटरवर मोजून दाखवली. सुपरकंडक्टिव्हिटी का होते ते सांगणारी बीसीएस थिअरी येऊन तेव्हा तीनच वर्षं झालेली, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या गॅपकडे. शून्य व्होल्टेजच्या रेषेकडे बघायला कोणाला वेळ होता.

आता केंब्रिज. ब्रायन जोसेफसन, वय २२, माँड लॅबोरेटरीत ब्रायन पिपर्ड यांच्या हाताखाली पीएचडी करत होता. १९६१-६२ मध्ये अँडरसन वर्षभरासाठी तिथे आले होते आणि त्यांनी लेक्चर्स घेतली, त्यात हा बसायचा. अँडरसन यांनी नंतर लिहून ठेवलंय की हा मुलगा वर्गात असला की जीव मुठीत धरून शिकवावं लागायचं, कारण फळ्यावर काही चुकलं तर तास संपल्यावर तो येऊन शांतपणे समजावून सांगायचा. त्या लेक्चर्समधून जोसेफसनच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली ती म्हणजे फेज. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोड्या करून राहतात आणि त्या सगळ्या जोड्यांची लहर एकाच तालात असते, त्या तालाचं मोजमाप म्हणजे फेज. मग याचा प्रश्न असा की एकट्या सुपरकंडक्टरची फेज कोणाला दिसणार नाही हे ठीक, पण दोन सुपरकंडक्टर एकमेकांजवळ आणले तर त्यांच्या फेजमधला फरक तरी दिसायला पाहिजे ना?

इथे वीक लिंक म्हणजे काय हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळी केस त्यावर उभी आहे. दोन सुपरकंडक्टर एकमेकांपासून लांब असले तर दोघांचे ताल वेगवेगळे, एकमेकांशी काही देणंघेणं नाही. घट्ट जोडले तर तो एकच तुकडा झाला, ताल एकच. वीक लिंक म्हणजे या दोन्हींच्या मधली अवस्था. वारीत दोन दिंड्या एका उंच भिंतीच्या अलीकडून-पलीकडून चालल्यात असं धरा. प्रत्येक दिंडीतले टाळ एकदम एका ठेक्यात पडतायत. भिंतीमुळे पलीकडचा आवाज क्षीण येतो पण येतो, आणि हजार टाळ एकत्र पडत असल्यामुळे ठेका म्हणून ऐकू येतो. तेच हजार जण आपापल्या मनाने वाजवत असते तर भिंतीपलीकडे नुसता कलकलाट पोचला असता, ठेका पोचला नसता. जंक्शनमधून जाणारा करंट ठरतो तो या दोन ठेक्यांत किती अंतर आहे त्यावर. दोघे अगदी बरोबर असतील तर करंट शून्य, एक जण पाव आवर्तन पुढे असेल तर करंट जास्तीत जास्त, आणि मधे सगळं साईनच्या वक्राप्रमाणे. गणितात एवढंच: करंट = कमाल करंट × साईन(फेजमधला फरक). यात व्होल्टेज कुठेच नाही हे बघा. फेजमध्ये नुसता ठराविक फरक ठेवला तरी बॅटरीचा धक्का नसताना ऑक्साइडसारख्या इन्सुलेटरमधून करंट वाहत राहतो.

व्होल्टेज दिलंत तर काय होतं, तर एका दिंडीची लय दुसरीपेक्षा जलद होते, दोघांतलं अंतर सतत वाढत जातं आणि करंट एकदा इकडे एकदा तिकडे असा हेलकावे खायला लागतो. एक मायक्रोव्होल्टला सेकंदाला ४८ कोटी ३६ लाख हेलकावे. हा आकडा धातू कुठला, थर किती जाड, तापमान किती यावर अवलंबून नाही, त्यात फक्त प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा दुप्पट चार्ज येतो. दुप्पट, कारण जोडी.

पण हे सगळं आता आपल्याला माहिती आहे म्हणून सोपं वाटतंय. तेव्हा अडचण खरी होती आणि ती पिपर्डनीच मांडली होती. एक इलेक्ट्रॉन त्या ऑक्साइडमधून पलीकडे जाण्याची शक्यता आधीच भयंकर कमी. समजा दहा कोटीत एक. मग जोडी जायची तर दोघांनी एकदम जायला पाहिजे, म्हणजे शक्यतेचा वर्ग, एकावर सोळा शून्यं त्यात एकदा. असा करंट कुठल्या मीटरवर दिसणार? हा तर्क ऐकायला बिनतोड आहे आणि मला आजही असं वाटतं की बहुतेक हुशार माणसं इथेच थांबली असती.

जोसेफसनने गणित करून बघितलं. एका नव्या पद्धतीचा पेपर अँडरसन यांनी त्याला दाखवला होता, कोहेन, फॅलिकोव्ह आणि फिलिप्स या तिघांचा, त्यात एका बाजूला सुपरकंडक्टर आणि एका बाजूला साधा धातू असं गणित होतं, याने दोन्हीकडे सुपरकंडक्टर घातले. आणि उत्तरात एक जास्तीची टर्म निघाली जी फेजच्या फरकावर अवलंबून होती, शून्य व्होल्टेजलाही जात नव्हती, आणि आकाराने एकट्या इलेक्ट्रॉनच्या करंटएवढीच होती. वर्ग कुठे गेला? तर गोष्ट अशी. एकट्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत करंट म्हणजे लहरीच्या आयामाचा, म्हणजे तिच्या उंचीचा, वर्ग. जोडीचा आयाम हा एकट्याच्या आयामाचा वर्ग, इथपर्यंत पिपर्ड बरोबर. पण जोड्या एका तालात असल्यामुळे अलीकडची लहर आणि पलीकडची लहर एकमेकींत मिसळतात आणि करंट जोडीच्या आयामाच्या सरळ प्रमाणात येतो, त्याचा पुन्हा वर्ग होत नाही. म्हणून दोन्हीकडे वर्ग एकदाच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिंडीचं उदाहरण सुचलं, टाळ एकत्र पडतात म्हणून ठेका पलीकडे पोचतो तो याच कारणाने. (उदाहरण इथपर्यंतच ताणायचं, टाळाला चार्ज नसतो.)

स्वतः जोसेफसनला खात्री नव्हती. अँडरसन यांनी लिहिलंय की एव्हाना तो जे म्हणेल ते मी डोळे मिटून मानलं असतं, पण त्यालाच शंका आहे असं दिसलं म्हणून एक अख्खी संध्याकाळ घालवून त्यातली एक टर्म तपासून बघितली. बरोबर होती. पेपर छापून आला जुलै १९६२ मध्ये, फिजिक्स लेटर्समध्ये, त्या जर्नलचा तो पहिलाच खंड.

आणि लगेच विरोध झाला, तो कोणाचा तर जॉन बार्डीन यांचा. बीसीएसमधला ‘बी’. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल आधीच मिळालेलं, सुपरकंडक्टिव्हिटीत त्यांच्यापेक्षा मोठं नाव नव्हतं. त्यांनी त्याच सुमारास स्वतःच्या एका पेपरच्या तळाशी टीप टाकली, की जोड्या बांधल्या जाण्याची क्रिया ऑक्साइडच्या थरात पोचतच नाही, तेव्हा तिथून असा सुपरकरंट, म्हणजे व्होल्टेजशिवाय वाहणारा करंट, वाहणार नाही. यात त्यांचं नक्की काय चुकलं ते समजून घेण्यासारखं आहे. थराच्या आत जोड्या बांधणारं बळ नाही हे खरं. पण जोड्यांची लहर थराच्या तोंडाशी एकदम तुटत नाही, ती झपाट्याने क्षीण होत आत शिरते, दोन्हीकडून शिरते, आणि मधे दोन्हींची शेपटं एकमेकींवर पडतात. तेवढं पुरतं. सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनला क्वीन मेरी कॉलेजात लो टेंपरेचरची मोठी कॉन्फरन्स होती, तिथे दोघं समोरासमोर आले, जोसेफसन बोलला, बार्डीन बोलले, आणि कोणीच मागे हटलं नाही. अजून पीएचडी न झालेल्या एका मुलाने एवढ्या मोठ्या माणसासमोर फक्त आपल्या गणिताच्या भरवशावर उभं राहायचं, याची नुसती कल्पना केली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

वादाचा निकाल लावायला आता मोजमापच हवं होतं. जोसेफसनने केंब्रिजला स्वतः प्रयत्न केला आणि त्याला काहीही दिसलं नाही. हा भाग फार भरभर सांगितला जातो पण केस खरी इथे आहे, कारण परिणाम खरा होता, गणित खरं होतं, सॅम्पल होतं, आणि तरी मीटरवर काही नाही. का?

उत्तर आकड्यांत आहे. जंक्शन दोन्ही बाजूंचे ताल एकमेकांना बांधून ठेवतं ते एका ठराविक ऊर्जेने, आणि ही ऊर्जा कमाल करंटच्या प्रमाणात असते. आजूबाजूची उष्णतेची थरथर त्या ऊर्जेपेक्षा मोठी झाली की ताल सुटतात, फेज भरकटते आणि सुपरकरंट दिसेनासा होतो. हिशोब केला तर १.५ केल्विनच्या थरथरीला तोंड द्यायला कमाल करंट साधारण ०.०६ मायक्रोअँपच्या वर असला की झालं, म्हणजे हेलियमची थंडी काही अडचण नाही. पण जंक्शनपर्यंत ज्या वायरी जातात त्यांचं दुसरं टोक खोलीत आहे, ३०० केल्विनला, आणि तिथली थरथर वायरीतून खाली उतरते. तिच्यासाठी तोच हिशोब केला तर आकडा येतो साडेबारा मायक्रोअँपच्या आसपास. बाहेरच्या मशीनांचा आणि मेन्सचा गोंगाट अजून धरलेला नाही.

आता कमाल करंट किती मिळणार? याचं नेमकं सूत्र १९६३ मध्ये विनय आंबेगावकर आणि अलेक्सिस बाराटॉफ या दोघांनी दिलं, आजही लॅबमध्ये रोज वापरतात, आणि एवढ्या परक्या नावांच्या गर्दीत आंबेगावकर हे नाव वाचलं की आपले कान टवकारतातच, मी तरी ते नाव दरवेळी जरा जास्तच मोठ्याने उच्चारतो. सूत्र सांगतं की कमाल करंट गुणिले जंक्शनचा साधा रेझिस्टन्स म्हणजे ठराविक व्होल्टेज, जे सुपरकंडक्टरच्या गॅपवरून ठरतं. कथील आणि शिसं यांच्यासाठी ते एक मिलिव्होल्टच्या थोडं वर आहे. म्हणजे जंक्शन एक ओहमचं असेल तर कमाल करंट एक मिलिअँपच्या आसपास, खोलीचा गोंगाट पचवायला भरपूर. पण शंभर ओहमचं असेल तर दहा-बारा मायक्रोअँप, म्हणजे बरोबर गोंगाटाच्या काठावर, आणि हजार ओहमचं असेल तर तो त्यात बुडालाच. थर जाड आणि सुरक्षित बनवावा, शॉर्ट होणार नाही असा, तर रेझिस्टन्स वाढतो आणि सुपरकरंट गोंगाटात हरवतो. थर पातळ करावा तर सुपरकरंट दिसेल, पण मग तो दिसल्यावर सगळे म्हणणार शॉर्ट! अशी ही दोन्हीकडून कोंडी होती. जोसेफसनने पुढे नोबेलच्या व्याख्यानात सांगितलं की वायरीतून येणाऱ्या गोंगाटानेच त्याचं मोजमाप बहुधा बिघडलं.

अँडरसन बेल लॅब्समध्ये परतले तेव्हा त्यांना काय शोधायचं ते माहीत होतं आणि रोवेल यांच्याकडे ते बनवायचा हात होता. रोवेल यांची जंक्शन्स स्वच्छ आणि कमी रेझिस्टन्सची. केसमधलं सॅम्पल असं: कथील, त्याच्यावर कथलाचंच ऑक्साइड, अगदी पातळ, आणि वर शिसं. तापमान साधारण १.५ केल्विन. करंट वाढवत नेला आणि शून्य व्होल्टेजवर उभी रेष आली.

आता सांगा, शॉर्ट की जोसेफसन?

त्यांनी चुंबकीय क्षेत्र बदलून बघितलं. करंट-व्होल्टेजचा एक वक्र घेतला तो पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकून, ०.००६ गॉसवर. तिथे उभी रेष चांगली उंच. दुसरा घेतला ०.४ गॉसवर, आणि रेष बरीच बुटकी झाली. ०.४ गॉस म्हणजे किती? तुम्ही आत्ता जिथे बसलायत तिथे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ढोबळमानाने तेवढंच आहे. होकायंत्राची सुई फिरवणारं एवढंसं क्षेत्र, त्याने हा करंट इतका खाली आला.

शिशाची सुपरकंडक्टिव्हिटी घालवायला काही शे गॉस लागतात, अगदी थंड केल्यावर ८०० च्या आसपास. आणि भोकातून गेलेला बारीकसा शिशाचा तंतू तर त्याहून चिवट, कारण तंतू जितका बारीक तितका तो चुंबकीय क्षेत्राला कमी दाद देतो. म्हणजे रेष जर शॉर्टची असती तर ०.४ गॉसने तिचं काहीही वाकडं झालं नसतं. इथे मला या केसचं मर्म सापडतं. शॉर्ट आणि जोसेफसन दोन्हीत व्होल्टेज शून्य, दोन्हीत करंट, मीटरला फरक कळणारच नाही. फरक कळतो तो कोण किती लवकर मोडतो यावरून. शॉर्ट दणकट असतो. वीक लिंक नाजूक असते, आणि तिचा नाजूकपणा हाच तिचा पुरावा. तोपर्यंत सगळे रेष आहे का नाही ते बघत होते, या दोघांनी ती कशाने जाते ते बघितलं.

आणि इतक्या कमी क्षेत्राने का जाते ते तर कागदावर करून बघण्यासारखं आहे, करूनच बघा, दोन ओळींचं आहे. जंक्शन पाव मिलिमीटर रुंद धरा, म्हणजे २५० मायक्रोमीटर. चुंबकीय क्षेत्र थराच्या कडेने आत शिरतं आणि दोन्ही बाजूंच्या धातूत थोडं थोडं घुसतं, कथलात आणि शिशात मिळून सुमारे ०.०९ मायक्रोमीटर. थराची जाडी त्यापुढे नगण्य. म्हणजे क्षेत्र ज्यातून जातं ती फट २५० गुणिले ०.०९, साडेबावीस चौरस मायक्रोमीटर. सुपरकंडक्टरमध्ये चुंबकीय फ्लक्सचा एक ठराविक घास असतो, फ्लक्स क्वांटम, तो म्हणजे एका चौरस मायक्रोमीटरवर २०.७ गॉस. भागाकार करा, ०.९ गॉस. एवढं क्षेत्र दिलं की जंक्शनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फेज एक पूर्ण आवर्तन फिरते, अर्ध्या भागात करंट इकडून तिकडे आणि अर्ध्या भागात तिकडून इकडे, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्य. करंट बंद पडला असं नाही बरं का, तो आतल्या आत गोल फिरतोय, बाहेर पडत नाही एवढंच. जंक्शन जितकं रुंद तितकं आणखी कमी क्षेत्र पुरतं. म्हणजे येव्हर यांच्यासारख्यांच्या टेबलावर, जिथे पृथ्वीचं क्षेत्र झाकायचा कोणी विचारही केला नव्हता, तिथे खरा जोसेफसन करंट पृथ्वीच अर्धामुर्धा पुसत असणार.

बेल लॅब्सचा पेपर मार्च १९६३ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला आणि त्याच्या मथळ्यात त्यांनी ‘संभाव्य’ निरीक्षण असा शब्द घातला. चुंबकीय क्षेत्राचा एवढा स्वच्छ पुरावा हातात असूनही. मला या शब्दाबद्दल फार आदर आहे. त्यांच्याकडे तेव्हा होते दोन वक्र, एक कमी क्षेत्राचा आणि एक जास्त क्षेत्राचा, आणि दोन बिंदूंवरून काय काय म्हणता येतं याची मर्यादा त्यांना ठाऊक होती. तो शब्द काढून टाकण्याइतका पुरावा रोवेल यांनीच त्याच वर्षी दिला. क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं तर करंट नुसता कमी होत जात नाही, तो शून्यावर येतो, परत वर येतो, परत शून्यावर जातो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बुटका. एका बारीक फटीतून प्रकाश सोडल्यावर भिंतीवर जसे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात अगदी तोच आकार. पहिला फ्लक्सचा घास पूर्ण झाला की शून्य, दुसरा पूर्ण झाला की शून्य. शॉर्ट असा करंट परत देत नाही. एकदा मेलेला करंट क्षेत्र वाढवल्यावर पुन्हा जिवंत होतो, हे बघितल्यावर वादाला जागाच उरली नाही, आणि बार्डीन यांनीही आपला आक्षेप मागे घेतला. दुसरा पुरावा मॅसॅच्युसेट्समधून सिडनी शापिरो यांचा, त्याच वर्षीचा: जंक्शनवर मायक्रोवेव्ह सोडल्या तर वक्रात जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. दहा गिगाहर्ट्झला पायरीची उंची २०.७ मायक्रोव्होल्ट, सगळ्या सारख्या. आज जगभर व्होल्ट ठरवला जातो तो याच पायऱ्यांवरून, आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतसुद्धा.

येव्हर यांचं काय झालं? १९७३ चं नोबेल जोसेफसन, येव्हर आणि लिओ एसाकी या तिघांना मिळून मिळालं, आणि येव्हर यांनी आपल्या व्याख्यानात सरळ सांगून टाकलं की हा परिणाम मी कितीतरी वेळा पाहिला होता, शॉर्टच समजत होतो. वाईट वाटतं का, तर नाही म्हणाले, कारण नुसतं दिसणं म्हणजे शोध नव्हे, दिसलेल्याचं महत्त्व कळायला लागतं आणि मी त्याच्या जवळपासही नव्हतो. स्टॉकहोमला व्यासपीठावर उभं राहून, शेजारी जोसेफसन असताना, इतकं निखळ बोलायला माणूस मोठाच लागतो.

वीक लिंक फक्त ऑक्साइडचीच असते असं नाही हेही इथे सांगायला हवं. अँडरसन आणि अली डायम यांनी पुढच्याच वर्षी दाखवलं की सुपरकंडक्टरच्या पातळ पट्टीला मधे कंबरेसारखं अगदी अरुंद केलं तरी तिथे तोच प्रकार होतो. नायोबियमच्या वायरीवर सोल्डरचा थेंब गोठवूनही होतो, केंब्रिजलाच पिपर्ड यांचा पुढचा विद्यार्थी जॉन क्लार्क याने तसं करून अतिशय बारीक व्होल्टेज मोजणारं यंत्र बनवलं होतं, त्याच क्लार्कना २०२५ चं नोबेल मिळालं ते याच जंक्शनवरच्या १९८४-८५ च्या प्रयोगांसाठी.

आणि यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या गोळीत तर वीक लिंक फुकटात मिळतात, न मागता. एमएस्सीला आम्ही ती बनवली होती. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड खलात तास तास घोटायचं, हात भरून यायचे, मग नऊशे-साडेनऊशे डिग्रीला भट्टीत, मग परत घोटायचं, दाबून गोळी करायची आणि ऑक्सिजनमध्ये भाजायची. काळी कुळकुळीत, कोळशाच्या चकतीसारखी. त्यातून एक पातळ काडी कापून तिच्यावर सिल्व्हर पेंटने चार वायरी चिकटवल्या आणि थर्मासमधल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये सोडली. व्होल्टेज शून्य. करंट वाढवत एक अँपच्या जवळ नेला, तरी शून्य, आम्ही खूष. मग मॅडम म्हणाल्या, तो स्पीकरमधला मॅग्नेट आण जरा जवळ. मॅग्नेट थर्मासला लावला आणि मायक्रोव्होल्टमीटरचा आकडा हलला, तीस, चाळीस, पन्नास. काढला, परत शून्याच्या जवळ. गोळी अजूनही ७७ केल्विनलाच होती, ती सुपरकंडक्टिंगही होती, तिच्यातला प्रत्येक कण होता, पण कणाकणांच्या मधल्या सांध्यांमधून जाणारा करंट त्या मॅग्नेटने तोडला. ते सांधे म्हणजे हजारो वीक लिंक, वेड्यावाकड्या, एकमेकींना जोडलेल्या. आयबीएममध्ये १९८८ ला एकेक सांधा वेगळा काढून मोजला गेला आणि दिसलं की दोन कणांची दिशा जितकी तिरपी तितका सांध्यातून जाणारा करंट झपाट्याने कमी. त्यामुळेच या पदार्थाची तार बनवताना सगळे कण एका दिशेत लावायचा एवढा आटापिटा करावा लागतो.

आमच्या बरोबरच्या एका ग्रुपच्या काडीवर मात्र मॅग्नेटचा काहीच परिणाम होत नव्हता, कितीही जवळ आणला तरी शून्य म्हणजे शून्य. ते सगळ्यात जास्त खूष होते. मॅडमनी काडी बाहेर काढून भिंगाखाली धरली. व्होल्टेजच्या दोन वायरींचा सिल्व्हर पेंट पसरून एकमेकांना चिकटला होता.